गिटारच्या फ्रेटची टोकं: उतार कमी, गोलाई जास्त

गिटार हातात घेतली की पहिला सूर निघायच्या आधीच फ्रेटची, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटांना कळतात. नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याच्या, कडेवरून हात पहिल्या फ्रेटपासून खाली नेला आणि मध्ये कुठे टोचलं, खरवडलं, तर पुढे आवाज कितीही गोड असला तरी वाजवणाऱ्याचा हात त्या गिटारवर मोकळा होत नाही. स्वस्त गिटारांत नेमकं हेच काम राहून गेलेलं असतं. त्याला महागडा माल लागत नाही, वेळ लागतो. २२ फ्रेटच्या नेकवर ४४ टोकं असतात. प्रत्येक टोकाला खाली दोन कोपरे आणि वर दोन्ही अंगांना धार, म्हणजे हाताखालून जाणाऱ्या १७६ जागा झाल्या.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. मिरजेच्या कारागिराला एखादा पडदा सोडून, हातात धरून घासता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात रुतलेला असतो आणि त्याची टोकं फिंगरबोर्डला, म्हणजे नेकवरच्या लाकडी पट्टीला, चिकटूनच घासावी लागतात. कानस एक मिलिमीटर घसरली तरी लाकडावर ओरखडा उठतो. म्हणून या कामात ताकदीपेक्षा क्रमाला महत्त्व आहे.

इथे मी डोळ्यासमोर ठेवलेला नेक असा: बॉडीला स्क्रूने जोडायचा इलेक्ट्रिक गिटारचा नेक, शिसवी फिंगरबोर्ड, २२ फ्रेट, निकेल सिल्व्हरची मध्यम जाडीची फ्रेटवायर. नेक बॉडीपासून सुटा आहे, नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) अजून बसवलेला नाही. शिकायला यापेक्षा सोपी मांडणी नाही. अकूस्टिक गिटारलाही क्रम हाच. फक्त बॉडीवर आलेल्या फ्रेटची टोकं शक्यतो नेक चिकटवायच्या आधीच उरकून घ्यावीत, नंतर तिथे लांब कानस फिरायला जागा उरत नाही.

हत्यारं

एक सपाट कानस, ८ किंवा १० इंची, बारीक दात्यांची. विकत घेताना तिच्यावर स्टीलची पट्टी उभी ठेवून उजेडाकडे पाहा. कानस वाकडी असेल तर पट्टीखालून उजेड दिसतो. ती कानस दुसऱ्या कुठल्याही कामाला चालेल, याला नाही. आपल्याकडे चांगल्या कानशींना तोटा नाही, रत्नागिरी जिल्ह्यातच त्या बनतात. परदेशी दुकानांतून ‘फ्रेटची खास’ म्हणून मागवलेल्या कानशीची गरज एखाद-दुसऱ्या कामापुरतीच.

फ्रेट कापायचा कटर. साधा एंड कटर चालतो, पण त्याच्या तोंडाची बाहेरची बाजू उतरती असते, त्यामुळे फ्रेट कापल्यावर एक-दीड मिलिमीटर शेपूट उरतं. ही बाहेरची बाजू ग्राइंडरवर घासून सपाट करून घ्या. थोडं घासायचं, लगेच पाण्यात बुडवायचं. धार निळी पडली तर तिचं पाणी उतरलं आणि कटर वाया गेला.

तिसरं हत्यार सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते घरीच बनवायचं आहे: कोपरे मारलेली त्रिकोणी कानस. ४ ते ६ इंची बारीक त्रिकोणी कानस घ्या. तिचे तिन्ही कोपरे ग्राइंडरवर किंवा खरखरीत दगडावर इतके घासा की तिथे दात राहणार नाहीत आणि एक-दीड मिलिमीटर रुंदीची गुळगुळीत पट्टी तयार होईल. मग ती पट्टी ४००च्या आणि ८००च्या वॉटर पेपरवर फिरवून आरशासारखी करा. आता ही कड फिंगरबोर्डवर टेकवून सरकवली तरी लाकडाला ओरखडा पडत नाही, आणि बाजूचे दात फक्त फ्रेटला कापतात. नखावर कड ओढून पाहा. नखावर रेघ उठली तर अजून घासायला हवं.

बाकी मास्किंग टेप, काळा मार्कर, ४००पासून २०००पर्यंतचे वॉटर पेपर, तारेचा ब्रश, साधा खडू, वाकवता येणारा टेबल लॅम्प आणि भिंग. कानशीच्या दातांत धातूचा कीस अडकला की तोच फ्रेटवर खोल चरे पाडतो. कानशीवर आधी खडू घासून घेतला तर कीस चिकटत नाही आणि ब्रशने झटकन निघतो. डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क हवाच. कापलेले तुकडे गोळीसारखे उडतात, आणि शिसवाच्या भुशाने अनेकांना त्वचेची किंवा श्वासाची ॲलर्जी होते.

टोक घासण्याआधी टोक बसलंय का?

टोकांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ घासण्यात नसतं. ते फ्रेट नीट न बसण्यात असतं. टोक अर्ध्या केसाएवढंही उचललेलं असेल तर कानशीखाली ते थरथरतं, घासताना अजून सैल होतं, आणि नंतर पहिली तार त्याच्या खाली अडकते. उचललेलं टोक घासून ‘बसल्यासारखं’ दाखवता येतं. पण तसं करू नये. दोन महिन्यांत ते पुन्हा वर येतं.

फ्रेटवायरचे दोन भाग लक्षात घ्या. वर दिसणारा गोलसर क्राउन, आणि खाली खाचेत जाणारी पातळ पट्टी, म्हणजे टँग. टँगवर बारीक दाते असतात, ते लाकडात रुततात. फ्रेटवायरला फिंगरबोर्डच्या गोलाईपेक्षा थोडा जास्त बाक द्यायचा. मग ठोकताना टोकं आधी टेकतात, मधला भाग नंतर खाली जातो, आणि तो खाली जाताना दाते बाहेरच्या दिशेने सरकून टोकं घट्ट धरून ठेवतात. बाक कमी असेल तर उलट होतं: मध्य बसतो आणि टोकं हवेत राहतात. त्यांना हातोडीने कितीही ठोका, ती स्प्रिंगसारखी वर येतात.

खाच कापून झाल्यावर तिच्या वरच्या दोन्ही कडा त्रिकोणी कानशीने अगदी हलक्या मोडून घ्या, एक-दोन हातांत. त्याने टँग सरळ उतरतो, आणि पुढे कधी फ्रेट काढावा लागला तर लाकडाची कपची उडत नाही. फ्रेट दोन्ही बाजूंनी ३-४ मिलिमीटर बाहेर राहील एवढा लांब ठेवा.

सगळे फ्रेट बसल्यावर लॅम्प फिंगरबोर्डच्या पलीकडे ठेवा आणि कडेने एकेक टोक पाहा. क्राउन आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला तर ते टोक बसलेलं नाही. साध्या कागदाचा कपटा खाली सरकतो का तेही बघा. अशा टोकाला बाजूने पातळ सायनोॲक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूचा) एक थेंब द्या, लाकडाचा ठोकळा वर ठेवून क्लॅम्पने दाबा आणि पूर्ण सुकू द्या. बाजारात सहज मिळणारी छोटी ट्यूबही चालते, पण पातळ प्रकार खाचेत जास्त आत ओढला जातो. गोंद लावण्याआधी नेकच्या कडेला थोडं मेण चोळलं तर ओघळलेला गोंद लाकडावर डाग पाडत नाही.

कापणं आणि कडेला सपाट आणणं

कटरचं सपाट तोंड नेकच्या कडेला टेकवा आणि टोकाशेजारी क्राउनवर दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून धरा. कापताना मनगट पिळायचं नाही. पिळलं की टोक उचकटतं, आणि इतका वेळ घेऊन बसवलेला फ्रेट सैल होतो. एका बाजूचे सगळे कापा, मग दुसऱ्या बाजूचे.

निकेल सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी धातूत ती नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे आणि लोहचुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे सांडलेले तुकडे आणि कीस चुंबकाने गोळा करता येणार नाही. ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा, आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. अनवाणी पायात तो तुकडा घुसला की काय होतं ते सांगायला नको.

आता सपाट कानस नेकच्या कडेला अगदी काटकोनात उभी धरा आणि लांब हात मारा, एका वेळी सात-आठ टोकांवरून जाईल असा. सुरुवातीला कानस प्रत्येक टोकावर आपटत जाते, खड-खड असा आवाज येतो. टोकं एका रेषेत येऊ लागली की तोच आवाज सलग आणि मऊ होतो. कानाला हा बदल डोळ्यांच्या आधी कळतो, म्हणून हे काम करताना रेडिओ बंद ठेवावा. टोकांवर मार्करची शाई लावली तर कुठलं टोक अजून आत आहे तेही दिसतं. तिथली शाई तशीच राहते.

कानस लाकडाला जेमतेम टेकायला लागली की थांबायचं. फिंगरबोर्डवर अजून पॉलिश व्हायचं असेल तर किंचित लाकूड घासलं गेलं तरी बिघडत नाही. लॅकर झालेला मेपलचा नेक असेल तर मात्र कडेला टेपचे दोन थर लावा आणि शेवटचा केसभर भाग वॉटर पेपर गुंडाळलेल्या पट्टीने उतरवा.

उतार

उतार म्हणजे टोकाला दिलेला तिरपा काप. तो लंबापासून, म्हणजे नेकच्या उभ्या कडेपासून मोजतात. बहुतेक जण ३५ अंश ठेवतात. मला ३० ते ३५च्या पलीकडे जावंसं वाटत नाही. त्याचं कारण सोपं गणित आहे. फ्रेट १.२ मिलिमीटर उंच असेल तर ३५ अंशांच्या उताराने वरून साधारण ०.८५ मिलिमीटर लांबी जाते. ३० अंशांना ०.७. आणि ४५ अंशांना पूर्ण १.२ मिलिमीटर. ४२-४३ मिलिमीटर रुंदीच्या नटवर पहिली तार कडेपासून तीन-साडेतीन मिलिमीटर आत असते. त्यातला सव्वा मिलिमीटर उतारानेच खाल्ला आणि वर गोलाईने थोडा घेतला, तर तार ओढताना, म्हणजे व्हायब्राटो किंवा पुल-ऑफ करताना, ती फ्रेटवरून सटकून खाली पडते. वाजवणारा स्वतःच्या बोटांना दोष देतो आणि दोष असतो उताराचा.

जास्त उतार दिला की टोक टोचत नाही, म्हणून घाईत हाच मार्ग घेतला जातो. टोचणं थांबवायचं काम गोलाईचं आहे, उताराचं नाही. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

कोन सारखा राहावा म्हणून ठोकळा बनवून घ्या. सागाचा किंवा कुठल्याही कठीण लाकडाचा १५० मिलिमीटर लांब, ४० रुंद तुकडा. त्याच्या तळाशी ५५ अंशांचा कोन करणारी खाच करवतीने पाडा आणि तीत कानस घट्ट बसवा. तळाशी ५५ म्हणजेच लंबापासून ३५. ठोकळा फ्रेटच्या माथ्यांवर सपाट ठेवून नेकच्या लांबीत सरकवला की कानस फक्त टोकांना तिरपी लागते. फिंगरबोर्डला आडवी गोलाई असते (९.५ इंच, म्हणजे सुमारे २४१ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई नेहमीची), त्यामुळे ठोकळा दोन्हीकडे थोडा डुलतो. दाब कुठे द्यायचा ते आधी ठरवा आणि दोन्ही बाजूंना तोच ठेवा, नाहीतर एका कडेचा उतार दुसरीपेक्षा जास्त होतो.

सगळ्या टोकांवर शाई लावा. शाई वरून खाली नाहीशी होत जाते. क्राउनच्या तळाशी, लाकडाला लागून, शाईची केसभर रेघ उरली की हात हलका करा. ती रेघ गेली की लगेच थांबा. सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन टोकं नेहमी जास्त घासली जातात, कारण ठोकळा नेकच्या बाहेर जाताना पुढून झुकतो. म्हणून तिथे हात आखूड घ्या.

मध्ये लेव्हलिंग

आता टोकं बाजूला ठेवा आणि फ्रेटचे माथे एका पातळीत आणा, मग क्राउन पुन्हा गोल करा. तो स्वतंत्र विषय आहे. इथे फक्त क्रमाचं सांगतो: टोकांची गोलाई लेव्हलिंगच्या आधी केली तर लेव्हलिंगमध्ये माथा उतरतो आणि गोल केलेल्या टोकावर पुन्हा धार येते. उतार आधी, लेव्हलिंग आणि क्राउनिंग मध्ये, गोलाई शेवटी. क्राउनिंगची कानस टोकाशी नेताना मात्र सांभाळा. ती टोकावरून खाली झुकली तर शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये फ्रेट खाली घसरतो आणि पहिली तार तिथे खरखरते.

गोलाई

फिंगरबोर्डवर फ्रेटच्या दोन्ही बाजूंना टेप लावा. लॅम्प खाली आणून कडेच्या पातळीवर ठेवा आणि एका टोकाकडे भिंगातून पाहा. उताराचा सपाट भाग कमानीसारखा दिसेल: खाली सरळ रेघ, वर गोल. जिथे ती सरळ रेघ कमानीला भेटते ते दोन कोपरे हाताला टोचतात. कमानीच्या कडेने जी धार आहे ती बोटाला खरवडते आणि तारेला अडवते. काम या दोन ठिकाणी करायचं आहे.

आधी कोपरे. त्रिकोणी कानशीची गुळगुळीत कड लाकडावर, म्हणजे टेपवर टेकवा. दातांचा भाग फ्रेटच्या बाजूला असा लावा की वरून पाहिलं तर कानस फ्रेटशी साधारण ४५ अंशांत आहे. हलके दोन-तीन हात. कोपऱ्याच्या जागी एक छोटा तिरका तुकडा चमकू लागतो. त्याची रुंदी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमीच ठेवा. आता एका बाजूच्या सगळ्या टोकांचा फक्त हाच एक कोपरा करत नटपासून शेवटपर्यंत जा. मग परत फिरून दुसरा कोपरा. एकेक टोक पूर्ण करत गेलं तर पहिलं टोक आणि बाविसावं टोक वेगवेगळ्या हातांनी केल्यासारखं दिसतं. एकच हालचाल ओळीने केली की हात तालात येतो आणि सगळी टोकं भावंडांसारखी दिसतात.

मग तोच तिरका तुकडा गोल करायचा. कानस खालच्या कोपऱ्याशी सुरू करा आणि पुढे ढकलतानाच मनगट वळवत तिला वर, कमानीच्या माथ्याकडे न्या. हात पुढे जातो तेव्हा कानस पाव वळण घेते. ही हालचाल हवेत काही वेळा करून पाहा, मग फ्रेटवर. दाब इतका कमी की कानशीचं स्वतःचं वजन पुरावं. परत येताना कानस उचलून आणायची, घासत आणायची नाही. अशा चार-पाच वळणांत तिरका तुकडा, उतार आणि क्राउनची बाजू एकमेकांत मिसळतात.

शेवटी कमानीचा माथा. तिथे उतार आणि क्राउन भेटतात ती रेघ अजून धारदार असते. कानस उताराच्या कोनातून सुरू करून जवळजवळ आडवी होईपर्यंत फिरवायची, एकदा किंवा दोनदाच. इथे जास्त घासलं तर वाचवून ठेवलेली लांबी गेली. पुढच्या कामाला उपयोगी सगळ्यात चांगली खूण म्हणजे उजेडाची रेघ. क्राउनच्या माथ्यावर लॅम्पच्या उजेडाची एक पांढरी रेघ दिसते. डोकं हळूहळू बाजूला नेलं की ती रेघ टोकाकडे सरकते आणि खाली उतरते. ती न तुटता, उडी न मारता उतरली तर गोलाई झाली. मध्येच तुटली तर जिथे तुटली तिथे अजून सपाट जागा आहे.

काही कारागीर टोक पूर्ण अर्धगोल करतात. दिसायला फार सुंदर काम, आणि उतार जवळजवळ नसल्यामुळे तारेला जागाही जास्त मिळते. त्यासाठी फ्रेट बसवण्याआधीच नेमक्या लांबीचा कापून, हातात धरून टोकं घडवतात. प्रत्येक फ्रेटची लांबी वेगळी असते, कारण नेक खाली रुंद होत जातो, त्यामुळे मोजमापात चूक चालत नाही. पहिले एक-दोन नेक नेहमीच्या पद्धतीने झाल्यावर याकडे वळावं.

फिंगरबोर्डची कड

फ्रेटची टोकं गुळगुळीत केली आणि त्यांच्यामधल्या लाकडाची कड काटकोनात तशीच ठेवली, तर हाताला अर्धंच समाधान मिळतं. दोन फ्रेटच्या मधली कड दाढीच्या ब्लेडने किंवा स्क्रॅपरने हलकी खरवडून अर्धा ते एक मिलिमीटर गोल करा. ब्लेड ४५ अंशांत धरून सुरुवात, मग कोन बदलत वर आणि खाली. पहिल्या स्थानापासून सातव्या-आठव्या फ्रेटपर्यंत ही गोलाई थोडी जास्त चालते, कारण तिथे तळहात आणि अंगठा कडेला लागून असतात. मग ४००च्या पेपरची अरुंद पट्टी फिरवा. यानंतर नवी गिटार वर्षानुवर्षं वाजवलेल्या गिटारसारखी हाताला लागते.

चमक

कानशीचे चरे काढायला ४००चा वॉटर पेपर बोटाभोवती गुंडाळा आणि टोकावरून बोट फिरवा. मऊ बोटामुळे पेपर गोलाईला चिकटून जातो आणि उरलेली बारीक धारही जाते. मग ६००, ८००, १२००, २०००. प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरचे चरे घालवणं एवढंच आहे, ते गेले की पुढे. ४००चे चरे राहून गेले तर २०००ने ते जात नाहीत, उलट चकचकीत पृष्ठभागावर जास्त उठून दिसतात. दर पेपरला दिशा बदला, एकदा फ्रेटच्या लांबीत, एकदा आडवी, म्हणजे कुठले चरे कुठल्या पेपरचे ते ओळखू येतात.

शेवटची चमक मेटल पॉलिशने येते. ब्रासोसारखं पॉलिश घरात असतंच. ते टेप लावलेलं असतानाच, कापडाला थेंबभर घेऊन वापरा, कारण शिसवाच्या छिद्रांत गेलं की पांढरं होऊन बसतं. ०००० नंबरचं स्टील वूलही छान काम करतं. पण नेक बॉडीला जोडलेला असेल तर आधी पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे भाग) पूर्ण झाका. स्टील वूलचा बारीक चुरा पिकअपच्या चुंबकांना चिकटतो आणि मग तो काही केल्या निघत नाही.

आता तपासणी. कापसाचा बोळा घेऊन कडेवरून खालीवर फिरवा. जिथे तंतू अडकून राहिला तिथे बर, म्हणजे धातूची बारीक टोचरी कड, शिल्लक आहे. जुना नायलॉनचा मोजाही चालतो, तो जास्त बारीक बर पकडतो. त्यानंतर हाताची मागची बाजू फिरवा. कानस चालवून बोटांची टोकं बधिर झालेली असतात, मागची त्वचा मात्र खरं सांगते. मग टेप काढायची, ती सावकाश आणि कडेच्या दिशेने, आणि फिंगरबोर्ड ब्रशने साफ करून मिनरल ऑइलचे चार-पाच थेंब कापडाने चोळायचे. दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसायचे. खोबरेल तेल लावू नका. २४ अंशांच्या खाली ते गोठतं आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत लाकडाच्या छिद्रांत पांढरं दिसतं. लॅकर असलेल्या मेपलला कुठलंच तेल नको.

स्टेनलेस स्टीलचे फ्रेट

क्रम तोच, वेळ खूप जास्त. साध्या कानशी लवकर बोथट होतात, म्हणून गोलाईसाठी डायमंडच्या छोट्या कानशी घ्या. निकेल सिल्व्हरसाठी बनवलेला कटर स्टेनलेसवर वापरला तर धारेला खाचा पडतात. एक गोष्ट मात्र मनाजोगी: एकदा टोक झालं की अनेक वर्षं तसंच राहतं.

आपली हवा आणि बाहेर येणारी टोकं

लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, त्यानुसार फिंगरबोर्ड रुंदीत फुगतो आणि आकसतो. धातूचा फ्रेट तेवढाच राहतो. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलै महिन्यात टोकं कडेला सपाट केली आणि तीच गिटार एप्रिलमध्ये नागपूर-अकोल्याला गेली, तर फिंगरबोर्ड आकसून टोकं बाहेर येणारच. एका बाजूला दशांश एक-दोन मिलिमीटरही पुरतात, हाताला लगेच करवतीसारखं लागतं. कारागिराने काम नीट केलेलं असूनही हे होतं.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, लाकूड मुरू देणं: फिंगरबोर्ड आणि नेक किमान काही आठवडे ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मगच टोकं कापणं. छोटा हायग्रोमीटर फार महाग नसतो. पावसाळ्यात मी टोकांचं अंतिम काम शक्यतो करत नाही. करावंच लागलं तर नेक सिलिका जेलसोबत बंद पेटीत ठेवून.

दुसरा उपाय जास्त पक्का, आणि कोकणातून विदर्भात किंवा दुबईला जाणाऱ्या गिटारसाठी मी तोच सुचवेन. फ्रेट बसवण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांखालचा टँग दीड-दोन मिलिमीटर कापून टाकायचा, क्राउन मात्र पूर्ण ठेवायचा. यासाठी खास निपर मिळतो. नसेल तर फ्रेट वाइसमध्ये धरून कानशीने टँग काढा आणि क्राउनची खालची बाजू पूर्ण सपाट करा, तिथे कण राहिला तर टोक बसणार नाही. मग खाचेचं उघडं टोक त्याच शिसवाच्या बारीक कपचीने किंवा भुसा आणि गोंद यांनी भरायचं. बाहेरून खाच दिसत नाही. लाकूड आकसलं तरी टँग बाहेर डोकावत नाही, आणि क्राउनचं टोक गोल केलेलं असेल तर हाताला फारसं जाणवतही नाही. कडेला बाइंडिंग (कडेवर चिकटवलेली शोभेची पट्टी) असलेल्या फिंगरबोर्डला ही पद्धत बहुतेक वेळा वापरावीच लागते, कारण टँग बाइंडिंगमधून आरपार नेता येत नाही.

टोकं बाहेर आलीच, तर घाईने पुन्हा उतार देऊ नका. आधी गिटार दोन-तीन आठवडे योग्य आर्द्रतेत ठेवा. बरीचशी टोकं आपोआप आत जातात. त्यानंतरही जी बाहेर राहिली, तीच घासायची. नेकच्या कडेला टेप लावा, बारीक कानस काटकोनात धरून बाहेर आलेला भाग फक्त टेपच्या पातळीपर्यंत आणा, टेप काढून उरलेला केसभर भाग ६००च्या पेपरने उतरवा, आणि मग कोपरे मारलेल्या कानशीने त्या टोकांचे खालचे कोपरे पुन्हा हलके गोल करा. माथ्याला हात लावायची गरज नसते. तारा सैल करून बाजूला सरकवल्या तर न काढताही हे काम होतं, पण पिकअपवर टेप लावायला विसरू नका.